तिसरा ठोका

१

तो आवाज आबांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या मिशीला अजून नीट जोरही आला नव्हता. नोकरीचा पहिला दिवस, सकाळची वेळ. सांडपाणी स्वच्छ करण्याच्या केंद्राचं लोखंडी फाटक ढकलून ते आत आले आणि टाकीशेजारच्या खोलीतून आवाज आला. टुक-टुक. मग एक श्वास घ्यावा एवढा वेळ गेला. मग टुक.

काचेवर कुणीतरी हलकेच काही वाजवावं तसा. खोलीत टेबलावर खुणा केलेलं एक उंच काचेचं पात्र होतं, आणि त्यात टाकीतलं गढूळ पाणी भरून ठेवलेलं होतं. थोड्या वेळानं म्हातारा ऑपरेटर भेटला. काम त्यानंच शिकवलं.

"हे पाणी भरायचं. अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ कुठल्या खुणेपर्यंत खाली बसला ते वहीत लिहायचं. जमेल?"

"जमेल."

"न जमायला काय झालं? आपण काही करतच नाही. करतात ते हे." त्यानं पात्राकडे बोट केलं. "दिसत नाहीत, पण कोट्यवधी आहेत. घाण खातात, पाणी सोडतात. आपण नुसती हवा द्यायची आणि आपल्या पोराबाळांना सांगायचं, मी फार मोठ्या हुद्द्यावर आहे."

आबा हसले. तो वाजवण्याचा आवाज मात्र त्यांच्या डोक्यात राहिला. ते धरून चालले की ती म्हाताऱ्याची काम करायची पद्धत असावी. काचेला चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून वाजवत असेल. दुसऱ्या दिवसापासून तेही पाणी भरलं की पेनाच्या टोपणानं काचेवर वाजवू लागले. दोन लगेच लगेच, मग थांबून एक. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हटकलंही नाही.

आणखी एक सवय त्यांना लागली. मोजून झालं की पात्रातलं पाणी मोरीत ओतायचं असा नियम होता. आबा ते उचलून टाकीवर नेत आणि परत टाकीत ओतत. जिवंत गोष्ट मोरीत कशी ओतायची, एवढंच त्यांच्या मनात असे.

अशी एकेचाळीस वर्षं गेली.

२

घरी बायको होती. दोन वर्षांपूर्वी तिनं हळूहळू बोलणं सोडलं. आधी नावं गेली, मग वस्तू गेल्या, मग शब्दच गेले. उठवलं तर उठे, बसवलं तर बसे. खिडकीकडे तोंड करून खुर्चीत असायची, पण खिडकीबाहेर बघायची असं नाही. आबा कामावर गेले की शेजारीण येऊन बसे.

मग तिनं खाणंही सोडलं. चमचा ओठांना लावला की ओठ घट्ट मिटायची. आबा तासन्‌तास वाटी धरून बसत. "अगं, एक घास. माझ्यासाठी नको, त्या शेजारणीसाठी. तिनं केलंय, रागावेल ती." काही नाही. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी ते इतके दमले की वाटी मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. हातातला चमचा वाटीच्या कडेवर आपसूक वाजला. टुक-टुक. टुक.

बायकोनं तोंड उघडलं.

त्यांनी घास दिला. ती चावली, गिळली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तोंड उघडलं. वाटी रिकामी झाली तेव्हा ते स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. त्यांना खूण पटली होती. मुलगा लहान असताना खायला फार छळायचा, तेव्हा आबा त्याच्या वाटीवर असंच वाजवत आणि तो 'आ' करायचा. ती तेव्हा चुलीशी उभी राहून हसत म्हणायची, "बापाचं कारट्याला बरोबर कळतं!" तिला ते आठवत होतं. म्हणजे ती आत होती.

डॉक्टर भला माणूस होता, पण त्यानं मान हलवली. "सवय आहे, आबा. कान ऐकतो, तोंड उघडतं. मध्ये कुणी नसतं. त्यात ओळख शोधू नका, त्रास तुम्हालाच होईल."

बायकोला घेऊन घरी येताना आबा जिन्यात तिला म्हणाले, "त्याला काय कळतंय. त्यानं तुला कधी भरवलंय?"

३

मुलगा दुसऱ्या गावाहून यायचा. चांगला मुलगा. येताना औषधं आणायचा, गळणारा नळ दुरुस्त करून जायचा. त्या वेळी आला तो खिशात कागद घेऊन.

"शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झालीय. पुढच्या रविवारपर्यंत सही हवी. नाहीतर दुसऱ्याला देतील."

"कशाला?"

"कशाला काय, आबा? तुम्ही परवा न्हाणीत पडलात. मला शेजारणीनं सांगितलं, तुम्ही नाही. तुमचं वय काय, तुम्ही अजून कामावर काय जाता, आणि घरी येऊन हे. तिला कळत नाही हो. कोण भरवतं यानं तिला काही फरक पडत नाही. तुम्हाला पडतो."

"तिला कळतं."

"आबा."

"बस. दाखवतो."

त्यांनी वाटी मुलाच्या हातात दिली. मुलानं चमचा वाजवला, बापानं सांगितलं तसाच, दोन आणि मग एक. आईचे ओठ मिटलेलेच राहिले. पुन्हा वाजवला. ती खिडकीकडेच बघत होती. शेजारणीनंही मागे असंच करून पाहिलं होतं, तिलाही जमलं नव्हतं.

मग आबांनी वाटी घेतली आणि वाजवलं. बायकोनं तोंड उघडलं.

मुलानं मान वळवली, आणि त्याच्या गळ्याशी काहीतरी वरखाली झालं. पोरगा गहिवरला असं आबांना वाटलं.

"बघितलंस? कोण आहे ते कळतं तिला."

"बरं," मुलगा म्हणाला. "रविवारपर्यंत बघू. पण कागद ठेवून जातो."

४

केंद्रावर नवी लॅबवाली आली होती. हुशार मुलगी, पायात कायम रबरी बूट आणि बोलण्याला लगाम नाही. एका सकाळी ती वही घेऊनच खोलीत शिरली.

"काका, तुमच्या पाळीत गाळ शहाण्यासारखा खाली बसतो. बाकीच्यांच्या पाळीत अर्धा वरच तरंगतो. टाकी तीच, पाणी तेच. काय लाच देता यांना?"

आबा पात्रावर वाजवत होते. तिनं ते बघितलं.

"अहो! पात्राला हात लावायचा नाही हा पहिला नियम आहे!"

"हात कुठे लावला? टोपण लावलं."

"किती वर्षं लावताय?"

आबांनी सांगितलं. ती स्टुलावर बसलीच.

मग तिनं दोन पात्रं शेजारी शेजारी भरली. एकावर तिनं वाजवलं, एकावर आबांनी. तिच्या पात्रात गाळ ढगासारखा लोंबत राहिला. आबांच्या पात्रात, तिसरा ठोका पडला तशी वरून खालपर्यंत एक थरथर गेली आणि गाळ सरळ रेघ धरून उतरू लागला. पात्रं अदलाबदल केली, तरी तेच. तिनं आबांचं पेन घेतलं, त्यांचं मनगट बघून तोच वेग धरला, तरी तिच्या हातून गाळ बसेना. पुन्हा तेच.

"मजा आहे," ती म्हणाली. पण हसली नाही. खिडकीच्या उजेडात पात्र धरून बराच वेळ बघत राहिली. "पाणी टाकीत परत ओतता म्हणालात ना? मग सोपं आहे. खाली बसलेला गाळ पंपानं पुन्हा टाकीत येतो, तरंगणारा वाहून जातो. तुमच्या टकटकीला जे बसले ते राहिले. जे बसले नाहीत ते गेले. इतक्या वर्षांत उरले ते हेच. यात अक्कल कसलीच नाही, काका. नुसती गाळणी आहे."

"म्हणजे त्यांना मी कळत नाही?"

"कळायला आत कुणीतरी लागतं." ती उठली. "दाराची कडी वाजली म्हणून दाराला पाहुणा कळतो का?"

आबांना डॉक्टरचं बोलणं आठवलं. त्या दिवशी ते घरी जरा लवकरच गेले.

५

शुक्रवारी तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. "एकेचाळीस वर्षं ज्यांना सांभाळलंत त्यांची तोंडं तरी बघा."

आबांनी डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग सगळं उजळलं. तपकिरी गठ्ठ्यांवर बारीक बारीक देठ उगवले होते आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एक उलटी घंटा. घंटांच्या कडांवर केस होते आणि ते न थांबता फिरत होते. सगळ्या तोंड उघडून होत्या.

"एक घंटा म्हणजे एक पेशी," तिचा आवाज कानाशी आला. "मेंदू नाही, नस नाही. आता बघा." तिनं टेबलावर बोट आपटलं. सगळे देठ एकदम वेटोळे घेऊन आखडले, घंटा मिटल्या. मग सावकाश पुन्हा उलगडल्या. तिनं पुन्हा आपटलं, पुन्हा, पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी त्या हलेचनात.

"बघा, कंटाळल्या."

"कंटाळतात?"

"नाही हो, कंटाळत नाहीत. बोलायची पद्धत."

"मग मी वाजवू?"

"वाजवा की. तुमचीच पोरं."

आबांनी डोळा न काढता टोपणानं टेबलावर वाजवलं. टुक-टुक. घंटा हलल्या नाहीत. एक श्वास गेला. टुक. सगळ्या एकदम मिटल्या.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. पहिल्या दोन ठोक्यांना कुणी दाद देत नव्हतं. तिसऱ्याला सगळ्या मिळून मिटत. पुढच्या खेपेला त्यांनी दोन वाजवले, तिसऱ्यासाठी हात उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

घंटा मिटल्या.

ठोका पडायचा होता नेमक्या त्या क्षणाला. आबांचा हात वरच होता.

ते मागे सरकले. लॅबवालीनं डोळा लावला आणि त्यांना पुन्हा तसंच करायला सांगितलं. त्यांनी केलं. ती बराच वेळ वाकून राहिली. सरळ झाली तेव्हा तिच्या डोळ्याभोवती नळीचा गोल वळ उमटला होता.

"हेही आपोआपच," ती म्हणाली. "आत घड्याळासारखं काहीतरी असतं. वाट बघणं नाही ते."

"वाट बघणं वेगळं कसं असतं?"

तिनं काचपट्टी काढली आणि पुसायला घेतली. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली. "ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं, काका."

६

शनिवारी दुपारी आबांनी बायकोला भरवायला घेतलं. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. त्यांनी तिच्या गळ्याशी फडकं खोचलं, केस कानामागे सारले. पाच-सहा घास नेहमीसारखे गेले.

मग त्यांनी चमचा दोनदा वाजवला आणि हात थांबवला. थांबवायचा नव्हता. करू नकोस असं मन म्हणत होतं.

तिसऱ्या ठोक्याच्या जागी बायकोनं तोंड उघडलं.

अगदी त्याच जागी. आधी नाही, मागून नाही. तिचे डोळे खिडकीकडे होते, आणि ती तोंड उघडून होती. आबांनी घास दिला नाही. ती उघडीच राहिली. खालचा ओठ किंचित थरथरत होता. काल काचेखाली बघितलेले ते केस त्यांना आठवले आणि त्यांनी घाईनं घास दिला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मी कोण? नाव नको सांगू. नुसतं बघ माझ्याकडे."

ती चावत राहिली.

भांडी घासताना ते स्वतःशी हिशेब मांडत बसले. ती वाट बघते म्हणजे तिला आठवतं. आठवतं म्हणजे ती आहे. मग काचेखालच्या त्या घंटांचं काय? त्याही वाट बघत होत्या. एक तर दोघींत कुणीतरी आहे, नाही तर दोघींत कुणी नाही. यातलं कुठलं बरं, ते त्यांना ठरवता येईना.

आणि तशातच, हाताला साबण असताना, ती पहिली सकाळ त्यांना लख्ख आठवली. फाटक. आवाज. मग खोली, टेबल, पात्र. आणि मग म्हातारा ऑपरेटर आला तो मागून. रस्त्यावरून. काखेत डबा, खांद्यावर ओली छत्री. "लवकर आलास," असं म्हणत त्यानं खिशातून किल्ली काढली होती आणि खोलीचं कुलूप उघडलं होतं.

खोलीला कुलूप होतं. त्यांनी पात्र काचेच्या खिडकीतून बघितलं होतं.

त्या म्हाताऱ्यानं पात्रावर वाजवलेलं आपण एकदाही पाहिलं नाही, हे आबांच्या तेव्हा लक्षात आलं. नळ वाहत होता. तो बंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

७

रविवारी सकाळची पाळी आबांची होती. हवेचं यंत्र दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून टाकी बंद होती. रात्रंदिवस घरघर ऐकायची सवय झालेल्या कानांना ती शांतता टोचत होती. गाळ खाली बसला होता. वर हातभर पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, आणि त्याखाली तपकिरी सपाटी. मधून मधून एखादा बुडबुडा वर येई. तळात कोंडलेला वायू सुटतो, त्यात नवल काही नाही. आबांनी स्वतःला तसं सांगितलं.

दहाच्या सुमारास मुलगा आला. आईला सोबत घेऊन आला होता.

"शेजारणीला बाहेर जायचं होतं. आणि संध्याकाळपर्यंत कागद द्यायचाय, आबा."

तो आईला हाताला धरून टाकीवरच्या जाळीच्या वाटेवर घेऊन आला. तिथं कठडा होता, ऊन होतं. त्यानं कागद कठड्याच्या सपाट पट्टीवर ठेवला, उडू नये म्हणून वर तळहात ठेवला. आबांनी बायकोची शाल नीट केली.

"तू म्हणत होतास," ते सावकाश म्हणाले, "कोण भरवतं यानं तिला फरक पडत नाही."

"मी चुकीचं बोललो त्या दिवशी. तुमच्या हातूनच खाते ती, बघितलं मी. म्हणून तर अवघड जातंय." मुलाचा आवाज मऊ होता. "तिला तुम्ही कळत असाल तर मी नाही नेणार तिला. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते. कळता का?"

आबांनी बायकोकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षं त्यांनी वहीत जे दिसलं तेच लिहिलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "मी कळत नाही तिला. आण कागद."

त्यांनी खिशातून पेन काढलं.

खालून आवाज आला. पाण्याखालच्या लोखंडी नळावर काहीतरी आपटावं तसा. टुक-टुक.

एक श्वास गेला.

तिसरा ठोका आला नाही. आबा कान देऊन उभे राहिले. पाणी स्वच्छ होतं, त्यावर एकही बुडबुडा नव्हता. पण त्याखालचा सगळा गाळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नुकताच किंचित खाली गेला होता. भरून घेतलेला श्वास सोडल्यावर छाती खाली जाते तसा.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं होतं. आणि तिचे डोळे, दोन वर्षांत पहिल्यांदा, कशावर तरी ठरले होते. आबांवर नाही. खाली, पाण्यावर.

मग त्यांना तिच्या ओठांपाशी आलेलं पेन दिसलं. घास धरावा तसं धरलेलं, तोंडापासून बोटभर अंतरावर. ते पेन आपल्या हातात आहे, आणि हात आपण उचललेला नाही, हे कळायला त्यांना थोडा वेळ गेला.

बघितलंस का, असं विचारायला ते मुलाकडे वळले.

मुलगा कठड्याला टेकून उभा होता. हनुवटी पुढे आली होती. मान किंचित वर होती. तीन वर्षांचा असताना पाटावर बसून करायचा तसा त्यानं 'आ' केला होता.

बाप आपल्याकडे बघतोय हे त्याला दिसलं. त्यानं तोंड मिटलं. मिटलेलं तोंड त्यानं तळहातानं दाबून धरलं. कागदावरचा हात निघाला तसा कागद घसरला आणि जाळीवर जाऊन पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. मुलानं आईकडे पाहिलं, बापाच्या हवेत राहिलेल्या हाताकडे पाहिलं, मग कठड्यावरून खाली पाहिलं.

मग तोंडावरचा हात न काढता तो मागे वळला, आणि जाळीवरून फाटकाकडे चालू लागला.